पाठीवर भोवरा असलेल्या माशा

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी डोकी वाकवून मला केसांतले भोवरे दाखवले आणि विचारलंत, "आजी, याला दोन आणि मला एकच, असं का?" खरं उत्तर मला ठाऊक नाही. पण एका भोवऱ्याशी माझी जुनी ओळख आहे. तुम्ही विचारलंत तेव्हापासून ती मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

मी तेलगावजवळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. पिकल्या केळ्यावर घोंघावतात त्या बारीक फळमाशा आम्ही दुधाच्या बाटल्यांत, गूळ आणि मक्याच्या पिठाच्या खिरीवर पाळत होतो. त्यांतला एक वंश मला फार प्रिय. साध्या माशीच्या पाठीवरची लव विंचरल्यासारखी मागे वळलेली असते. यांची मात्र गरगर फिरलेली. एका जनुकात बिघाड, एवढंच तेव्हा माहीत होतं. पुण्याहून एसटीने मांडीवर धरून मी ती बाटली आणली होती. मेल्या तर पुन्हा मिळतील याचा भरवसा नव्हता.

एका दुष्काळी उन्हाळ्यात उकाड्याने माशा मरू लागल्या. एरवी गारव्यासाठी बाटल्या ओल्या वाळूत ठेवत असू. पण प्यायलाच टँकरचं पाणी, वाळूवर कुठून ओतणार? भोवऱ्याच्या माशांची एकच बाटली उरली. जवळपास गार जागाही एकच, सहकारी दूध संस्थेची. जनावरं चारा छावणीत, दूध आटलेलं, कॅन रिकामे.

संस्थेचे चेअरमन मोठे बागायतदार, बैलांचे शौकीन. माझी विनंती ऐकून खो खो हसले.

"बाई, दुधात माशी पडू न्हाई म्हणून आमी जिवाचं रान करतो, आन तुमी माशाच आणून ठेवता?"

"बाटलीला कापसाचा घट्ट बोळा असतो."

"असल. पर न्हाई जमायचं."

दुसऱ्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकच घेऊन गेले. ईथरने निजवलेली माशी त्याखाली ठेवली. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं.

"आबाबा! ह्यो तर भोवरा!"

आपल्याकडे बैल घेताना अंगावरचे भोवरे आधी तपासतात, कुठला शुभ, कुठला खोडीचा. ते मला तेव्हा कुठे आठवलं.

"पाठीवर असला तर जनावर कुणी दावणीला बांधत न्हाई, बाई."

खोड दाखवायला मीच सूक्ष्मदर्शक वाहून आणला होता! पण त्यांचा डोळा काही तिथून हलेना.

"समद्या पिल्लांना असाच हुतो?"

"आईबाप दोघंही असे असले तर."

"आन एकच असला?"

"बहुतेक कुणालाच नाही. नातवंडांत पुन्हा निघतो."

शेवटी त्यांनी डोळा वर काढला. "म्हंजे दडून ऱ्हातो. मग बाजारात आमी नुसतं वरवरच बघतो म्हणा की!" आणि उठता उठता, "ठेवा. पर एक जरी माशी दुधावर दिसली, तर बाटली उन्हात."

दूध थंड ठेवायच्या आतल्या खोलीत त्या गारठल्या असत्या. कॅन धुण्याच्या खोलीत बेताचा गारवा होता. तिथे त्या जगल्या. चेअरमन अधूनमधून "आमचं खोडीचं खिल्लार" बघायला येत.

पुढे वाचनात आलं, की कातडीतली प्रत्येक पेशी शेजारणीला मागची बाजू कुठली ते कळवते, आणि या माशांत तो निरोप बिघडतो. तशाच एका जनुकाच्या बिघाडाने उंदरांच्या केसांतही भोवरे पडतात. माणसांचं काय, ते तुम्ही शोधा.

संस्था बंद पडली, चेअरमनही गेले. निवृत्त होताना बाटल्या मी विद्यापीठातल्या माझ्या एका विद्यार्थिनीला दिल्या. भोवऱ्याच्या माशा तिच्याकडे अजून आहेत.