उन्हातली जागा

सातपुड्यातल्या पाड्यावरून एक भिलाला बाई सोनाळ्याच्या बाजारात शिंदीचे झाडू विकायला येते. बोलणं कमीच. गिऱ्हाईक आलं की झाडू जमिनीवर आपटून दाखवते आणि एखादी काडी निसटली तर तो झाडू विकत नाही. बसते मात्र भर उन्हात, एका किराणा दुकानासमोर. त्या दुकानदाराने तिच्या अंगावर हात टाकला होता. ‘जंगलातली बाई, तिचं काय एवढं,’ म्हणत गावाने ते मिटवलं. तिने मिटवलं नाही.

गेल्या बाजारी दुकानाचं शटर बंद होतं. मी म्हटलं, “मावशी, आज तरी लिंबाखाली बस. उन्हात काऊन बसते?”

“कधी तं उघडन ना भाऊ,” ती म्हणाली आणि झाडू आपटला.