कोचबाईंचे अकरा

राष्ट्रीय फुटबॉल संघाला पगारी प्रशिक्षक होता, त्याचे मदतनीस होते, निवड समितीही होती. गल्लीतल्या लोकांना हे ठाऊक होतं, पण ते फारसं मनावर घेत नसत. त्यांच्या लेखी संघ निवडला जायचा तो टेलरबाईंच्या दुकानात, सामन्याच्या आधी, संध्याकाळी इस्त्री गार झाल्यावर.

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. दाराशी शिलाई मशीन, मागे आरसा, कपडे घालून बघायला पडद्याआड एक कोपरा, आणि मधोमध कापड बेतायचं टेबल, एवढं मोठं की आत शिरणाऱ्यानं अंग चोरूनच चालावं. बाई टेबलावरच्या चिंध्या हातानं सारून टाकत, खुणा करायच्या खडूनं मैदान आखत आणि बटणांचा डबा पुढे ओढत. मग अशी शांतता पसरे, जशी तिसऱ्या घंटेनंतर नाट्यगृहात पसरते. ओव्हरकोटाचं मोठं काळं बटण गोलकीपर. पँटची चार दणकट बटणं बचावाला. मधल्या फळीत शर्टाची पांढरी, चपळ. आघाडीला दोन पितळी, कुणाच्या तरी जुन्या गणवेशावरून उतरलेली. एकेक बटण ठेवताना बाई त्याची सालं काढत.

"हा डोक्यानं खेळतो म्हणतात. हल्ली डोकं घरी ठेवून येतो. बसू दे बाहेर."

हे वेड बाईंना लग्नानंतर लागलं. दुकानात एका क्लबच्या जर्सींवर आकडे शिवायचं काम आलं होतं, आणि का शिवायचं हे कळल्याशिवाय बाईंच्या हातून सुई पुढे सरकत नसे. तीन नंबर कुठे उभा राहतो, सात नंबर काय करतो, असं विचारत विचारत त्या मैदानापर्यंत पोचल्या आणि पहिल्याच सामन्यात पंचाला असं काही बोलल्या, की यजमानांनी छत्री उघडून त्यामागे तोंड लपवलं. तेव्हापासून त्या कोचबाई. यजमान दुकानात काज करतात, बटणं लावतात, आणि फुटबॉलचं काही विचारलं तर मशीनकडे मान हलवून म्हणतात, "हिला विचारा."

खऱ्या प्रशिक्षकाशी बाईंचं सहसा पटत नसे. संघ हरला की त्या म्हणत, "बघा." जिंकला की म्हणत, "माझ्या अकरांनी अजून दोन मारले असते." यावर बोलायची सोयच नव्हती.

तर अशा या बाईंचा एकुलता एक मुलगा राष्ट्रीय संघात निवडला गेला. अंगानं ताडमाड, म्हणून गल्लीत तो लंबू. सुरुवातीला त्याला राखीव खेळाडूंच्या बाकावरच बसवलं होतं. बाईंच्या टेबलावरही तो नसे, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. प्रशिक्षकानं न घेतलेल्याला आईनं तरी कसं घ्यावं? पण मग मधल्या फळीतल्या एकाचा घोटा मुरगळला आणि बातमी आली, की रविवारी लंबू पहिल्यापासून उतरणार.

शुक्रवारी दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. बाईंनी मैदान आखलं, बटणं लावली. अकरा झाली. मधल्या फळीत डाव्या बाजूला त्यांनी ठेवला तो दुसराच एक, केस पाण्यानं चापून बसवणारा. लंबू नव्हता.

शेजारचे घड्याळवाले गुडघ्यांवर हात टेकून टेबलाखाली वाकले.

"काय शोधताय?" बाईंनी विचारलं.

"एक बटण पडलं असणार, बाई."

"काही पडलेलं नाही. सगळी जागेवर आहेत."

यजमानांच्या बोटात सुई गेली. "अगं, घरचा मुलगा आहे."

"घरच्यांना घ्यायचं तर मग तुम्हालाही घेते. तुम्ही तरी का मागे?"

"पण कारण तरी सांगा," घड्याळवाले म्हणाले. "आई आहात की सावत्र आई?"

"कारण एकच," बाई म्हणाल्या. "तो पास देतो आणि उभा राहतो. पास दिल्यावर पळायचं असतं. हा कमरेवर हात ठेवून बघत बसतो, काय सुंदर दिला म्हणून! लहानपणी पाण्याचा तांब्या भरून आणला की असाच उभा राहायचा, कुणी शाबास म्हणेपर्यंत. तोवर निम्मं पाणी माझ्या कापडावर."

बाई गिऱ्हाइकाला पडदा सरकवून द्यायला वळल्या, तेवढ्यात यजमानांनी हळूच एक पांढरं बटण मैदानात सोडलं आणि साळसूदपणे काज करू लागले. बाई परत आल्या, टेबलाकडे एकदा बघितलं, ते बटण उचलून यजमानांच्या पुढ्यात ठेवलं. "बारा जणांनी खेळायला पंच काय तुमचे मेहुणे आहेत?"

शनिवारी दुपारी लंबू स्वतः दुकानात आला. सरावाला थोडी सुट्टी होती. बातमी कुणी पोचवली हे विचारायची गरज नव्हती. यजमान दोरा ओवण्यात फार म्हणजे फारच गढून गेले होते.

खांद्यावरची पिशवी न उतरवता तो टेबलाशी उभा राहिला. खडूचं मैदान तसंच होतं.

"आई, मी नाही यात?"

"नाहीस."

"कोच म्हणाले, उद्या उतरायचंय."

"ते त्यांचे अकरा. हे माझे."

"अगं, मला नक्की उतरवणारेत. पेपरात आलंय, सगळी गल्ली नाचतेय. तरी मला ते खरं वाटेना." त्यानं त्या केस चापणाऱ्याच्या बटणावर बोट ठेवलं. "मी लहान असल्यापासून संघ म्हणजे हे टेबल. इथे नाही म्हटल्यावर उद्या मी तिथे काय करणारेय, तेच मला कळत नाही."

घड्याळवाले दारात येऊन उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

बाईंचा हात डब्याकडे गेला. गेला, आणि तिथेच थांबला. मग त्यांनी खाली पडलेल्या चिंध्यांचा गोळा करून त्याच्या पायाशी टाकला. "दे, बाबांकडे दे."

लंबूनं गोळा मशीनच्या पायांमधून असा काढून दिला, की तो अलगद यजमानांच्या चपलेशी जाऊन थांबला. खरंच देखणा पास. यजमान टाळी वाजवणार, इतक्यात त्यांचं लक्ष मुलाकडे गेलं. लंबू कमरेवर हात ठेवून उभा होता.

घड्याळवाले फस्सकन हसले. लंबूनं हात खाली घेतले. कान लाल झाले होते.

"आई, हे दुकान आहे. इथे पळू कुठे? आरशात?"

"जेवून जा," बाई म्हणाल्या.

"तुझ्या संघात मी राखीवसुद्धा नाही. पाहुण्यासारखा कशाला जेवू?" असं म्हणून तो गेला. दाराच्या चौकटीखालून जाताना वाकायचं मात्र विसरला नाही. ती सवय त्याला बाईंनीच लावलेली.

त्या संध्याकाळी बाईंनी एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या. यजमानांनी त्या बघितल्या, पण संसार इतकी वर्षं टिकतो तो असल्या गोष्टी न बोलल्यामुळेच. त्यांनी त्या घडी करून चिंध्यांत सरकवल्या.

रविवारी इस्त्रीच्या टेबलावर टीव्ही मांडला. संघ जाहीर झाला, मधल्या फळीत डावीकडे लंबू. दुकानात एकच गलका झाला. बाई स्टुलावर ताठ बसल्या होत्या, मांडीवर टाचण्यांची गादी. आपल्या संघाच्या बाहेरचा खेळाडू बघायला आल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

सामना सुरू झाला. लंबूनं पहिला पास दिला. सुंदर दिला. आणि उभा राहिला. सगळं दुकान वळून बाईंकडे बघू लागलं.

"पळ, मेल्या!" बाई ओरडल्या.

मग कुणी त्यांच्याकडे बघायचं कारण राहिलं नाही, खेळच तसा रंगला. मध्यंतर होऊन गेलं. आणि थोड्या वेळानं दुकान एकदम उठून उभं राहिलं. घड्याळवाल्यांनी यजमानांना मिठी मारली, कुणी आरशावर थाप मारली, कुणाच्या पायाखाली कैची वाजली. त्या सगळ्या आरडाओरड्यात बाईंचा आवाज वेगळाच होता.

"पळाला! बघितलंत? पास दिला आणि पळाला!"

"बाई," घड्याळवाले धापा टाकत म्हणाले, "गोल झाला."

"कधी?"

"आत्ता. आपला."

"कुणी मारला?"

सात वर्षांपूर्वीच्या सामन्यात कुणाचा पाय रेषेच्या पुढे होता हे सांगणारी ही बाई. घड्याळवाले हळूच त्यांच्या शेजारच्या बाकावर टेकले.

"आज कळलं पोरगं कुणावर गेलंय ते," ते म्हणाले. "पास दिला त्यानं, आणि बघत उभ्या राहिलात तुम्ही."

बाईंना यावर चांगलं खणखणीत उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलंही. पण लंबूकडे परत चेंडू आला होता.

शेवटी समोरच्यांनीही एक गोल मारला आणि सामना बरोबरीत सुटला. संध्याकाळी फोन वाजला. यजमानांनी घेतला, "हिला विचार" म्हणाले आणि बाईंच्या हातात दिला.

"काय मग, पुढच्या सामन्याला?" लंबूनं विचारलं. आवाजात चेष्टा होती, पण सगळीच चेष्टा नव्हती.

"तुला घेतलं."

"खरंच?"

"आणि मी राजीनामा दिला," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तू खेळत असलास की मला बाकीचे दहा दिसतच नाहीत. आपल्यावर गोल झाला, तोसुद्धा मला घड्याळवाल्यांनी सांगितला. अशा बाईनं संघ निवडू नये. तुला बाहेर ठेवलं होतं ना, तेव्हा मला सगळं कसं स्वच्छ दिसत होतं. खोड तुझी आहेच, ती काही मी सोडत नाही. पण तुला बाहेर ठेवण्यामागची भीती माझी होती."

"आई, मी पास देऊन पळालो, ते बघितलंस ना?"

"तेवढंच बघितलं. उद्या जेवायला ये."

पुढच्या निवडीला खडू घड्याळवाल्यांच्या हातात आला. ते त्या दिवशी सदरा बदलून आले होते. बाई टेबलाकडे पाठ करून मशीनवर बसल्या होत्या, शपथ घातल्यासारख्या. घड्याळवाल्यांनी आधी लंबूला ठेवलं, मोठ्यानं नाव घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग दोन पितळी पुढे. मग तिसरं पितळी, कारण आक्रमण हवं. मग यजमानांच्या आग्रहाखातर आणखी एक. वादावादी झाली, बटणं इकडची तिकडे झाली, शेवटी अकरा भरली आणि घड्याळवाल्यांनी हात झटकले.

"झाला संघ!"

मशीन थांबलं. बाईंनी मान वळवली नाही, नुसतं आरशातून बघितलं.

"आणि गोलात कोण उभं राहणार?" त्या म्हणाल्या. "मी?"