राहिलेला

आई एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. तिथे प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात वॉर्डाचा नंबर लिहिलेली पट्टी शिवलेली असायची. धुता धुता एखादीची पट्टी उसवायची आणि मग ती चादर कुठली ते कळायचं नाही. अशा चादरी भिंतीकडच्या एका फळीवर जायच्या. त्या फळीला सगळे ‘राहिलेलं’ म्हणायचे. बाकीच्या बायका तिकडे ढुंकूनही बघत नसत. आई मात्र दर शनिवारी त्या चादरी उतरवून पुन्हा धुवायची, इस्त्री करायची आणि घड्या घालून परत ठेवायची. सुपरवायझरचं डोकं फिरायचं.

“अहो बाई, कोण विचारतंय त्यांना?”

“विचारलं तर तयार नकोत का?” आई म्हणायची.

सकाळी साडेपाचला ती पलंगाच्या कडेवर बसून देवाशी बोलायची. शेजारी चहा निवत असायचा. पाठांतर वगैरे काही नाही, नुसती एकेकाची नावं आणि कामं. ताईचा खोकला, जावयांची बदली, खालच्या मजल्यावरच्या खडूस म्हाताऱ्याचे गुडघे. माझ्या वेळी ती पाळण्यातलं नाव सोडून ‘माझा घाईचा’ म्हणायची, कारण मी तीन आठवडे आधीच जन्मलो होतो, तेही तिची ड्यूटी चालू असताना, लाँड्रीच्या दारात. “याला कधी धीर म्हणून नाही,” हे तिने मला आयुष्यभर ऐकवलं. खोटं नव्हतं.

बाविसाव्या वर्षी मी लिफ्ट दुरुस्तीची परीक्षा पास झालो. आठ महिने रात्रंदिवस अभ्यास केला होता. आई जिन्यात शेजारणीला सांगत होती, “देवानेच पास केलं हो त्याला.” माझं टाळकंच सटकलं.

“अभ्यास मी करायचा आणि शाबासकी त्याला? यापुढे त्याच्यापुढे माझं नाव घ्यायचं नाही. शब्द दे.”

शेजारीण गपचूप आत गेली.  “बरं,” आई म्हणाली. “दिला शब्द.”

आई शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवशीपासून यादीत मी नव्हतो. दर वाढदिवसाला ती विचारायची, “आता घेऊ का रे तुझं नाव?” मी म्हणायचो, “अजून नको.” आधी तो हट्ट होता, पुढे थट्टा झाली आणि मग सवय. माझं लग्न झालं, मुलगी झाली, यादीत दोघींची भर पडली. ती माझं नाव घेत नव्हती आणि मी माघारीचं नाव घेत नव्हतो. एका शब्दाचं काम होतं. फुकटचं. तरी वीस वर्षं मी तो दिला नाही.

शेवटी ती त्याच हॉस्पिटलात भरती झाली. पडल्या पडल्या तिने आधी चादरीचा कोपरा उलटून पाहिला. “पट्टी आहे,” असं समाधानाने म्हणाली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने माझा हात धरला. वाढदिवस नव्हता, काही नव्हतं.

“घेऊ का रे आता?”

तेवढ्यात माझा फोन वाजला. कुठेतरी तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट अडकली होती. मी आईला बोट दाखवलं, एक मिनिट म्हणून, आणि हात सोडवून बाहेर गेलो. अकरा मिनिटं बोललो. लिफ्टमध्ये कोणीही नव्हतं. रिकाम्या लिफ्टसाठी मी अकरा मिनिटं घसा फोडत होतो. परत आलो तर तिचा डोळा लागला होता. संध्याकाळी सांगू, असं म्हणून मी कामावर गेलो. पाच वाजता ताईचा फोन आला.

लोक म्हणाले, पोराने खूप केलं आईचं. मला ते ऐकवत नव्हतं. ताईला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, “तिला माहीत होतं रे.” काय माहीत होतं? मी न सांगितलेलं तिला कसं माहीत असणार?

पंधरा दिवसांनी सकाळी मी बुटाची नाडी बांधत होतो. आईच्या खोलीतून आवाज आला. माझी नऊ वर्षांची मुलगी पलंगाच्या कडेवर बसून आजीची यादी म्हणत होती. खोकला, बदली, गुडघे, सगळं आजीच्याच चालीत. मी दारात उभा राहिलो. शेवटी ती म्हणाली, “आणि राहिलेल्याला सांभाळ. त्याला विचारलंय मी, तो अजून नको म्हणतोय. पण तयार ठेव.”

मग तिने डोळे उघडले. “बाबा, राहिलेला कोण? आजी हे अगदी हळूच म्हणायची, पण कोण ते सांगायचीच नाही. म्हणायची, नाव घ्यायचं नाही, शब्द दिलाय.”

मी चौकट धरली. वीस वर्षं रोज. नाव न घेता, शब्द न मोडता.

“मी,” म्हणालो. “राहिलेला मी.”

तिला याचं फारसं नवल वाटलं नाही. 

“मग आता घेऊ का तुझं नाव?”

“घे.”

सेकंदसुद्धा लागला नाही. तेवढाच वेळ आईनेही मागितला होता, आणि मी तिला बोट दाखवलं होतं.

“पण काय म्हणू? आजी काय म्हणायची तुला?”

खिशात फोन वाजायला लागला. मी तो बंद केला, तिच्या शेजारी बसलो आणि आईने यादीत मला दिलेलं जुनं नाव तिला सांगितलं.