सोता बघितलं का?

माझ्या बायकोच्या मामांनी सूर्य उगवल्याचंसुद्धा आजवर कधी दुसऱ्याच्या तोंडून मान्य केलेलं नाही. आधी गच्चीवर जाऊन बघणार आणि मगच खाली येऊन सकाळ झाल्याचं जाहीर करणार. नवीन जालन्यात स्टेशनमागच्या गल्लीत, आमच्या अगदी समोर, ते एकटेच राहतात. मामी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा नोकरीपायी लांब. अशा माणसाने खरं तर कुणी चार शब्द बोलायला आलं की हातातलं काम टाकून ऐकावं. मामा ऐकतातही, पण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत विचारतात, "सोता बघितलं का?" या एका प्रश्नाने आमच्या गल्लीतल्या भल्याभल्या बातमीदारांची दातखीळ बसवली आहे. हळूहळू लोकांनी त्यांना काही सांगणंच सोडून दिलं.

हा दोष मामांचा नाही, नोकरीचा आहे. आयुष्यभर त्यांनी इथल्या एका बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायचं काम केलं. शंभर बिया मोजून ओल्या कागदावर ओळीने मांडायच्या, कागदाची गुंडाळी करून ठेवायची आणि आठवड्याने उघडून किती उगवल्या ते बघायचं. पिशवीवर काय छापलंय, विकणारा किती शपथा घेतो, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. "बी बोलत न्हाई, उगवतं," असं ते अजूनही म्हणतात. निवृत्त झाल्यावर बिया राहिल्या कंपनीत आणि मामा माणसांची उगवण काढू लागले. वर्तमानपत्राला त्यांनी सत्तर टक्के दिले, टीव्हीवर ओरडणाऱ्यांना बारा. मोबाइलवर 'पुढे पाठवा' म्हणून येणाऱ्या मजकुराला शून्य, "त्यात दाणाच न्हाई, नुसतं टरफल." मला पंच्याऐंशी मिळाले तेव्हा मी खूश झालो. "वाण चांगलं हाये जावईबापू," ते म्हणाले, "पर बायकूसमोर उगवण जरा कमी पडती."

एकदा कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आली. मुहूर्त बारा पस्तीसचा. मामा बारा पस्तीसला मांडवात घड्याळ बघत उभे, आणि नवरदेव अजून घोड्यावरही बसलेला नव्हता. अडीचला अक्षता पडल्या. मामांनी वरबापाला गाठून सांगितलं, "लगीन मस्त झालं, पर पत्रिका उगवली न्हाई तुमची." त्या घरातून आम्हाला पुन्हा बोलावणं आलेलं नाही. अंबडकडच्या एका गावात कडुलिंबाच्या झाडातून दूध वाहतंय अशी बातमी मोबाइलवर आली, तेव्हा माझ्या बायकोने ती भक्तिभावाने दहा जणांना पाठवली. मामा दुसऱ्या दिवशी दोन एस्ट्या बदलून तिथे पोचले, तासभर रांगेत उभे राहिले, नारळ फोडला, बोटावर थेंब घेऊन चाखला आणि संध्याकाळी वाकड्या तोंडाने आमच्या दारात हजर झाले. "चीक हाये. कडू जहर! आन लोकं डोळे मिटून पिऊन राह्यले." एवढं सांगून ते घरी गेले आणि त्यांनी तीर्थपुरीला फोन लावला.

तीर्थपुरीला त्यांचा दोस्त होता. कंपनीत दोघं एकाच टेबलावर. मामा बिया मांडायचे, दोस्त उगवलेल्या मोजायचा. दुसऱ्या कुणी मोजलेलं मामा पुन्हा मोजत. दोस्ताच्या आकड्याखाली मात्र न बघता सही करत. शंभरपैकी शंभर मिळालेला जगातला हा एकच माणूस. निवृत्तीनंतर तो तीर्थपुरीला शेतीवर गेला. मामांच्या प्रत्येक तपासाचा वृत्तांत त्याला फोनवर जायचा आणि मामांचं हसणं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं. एरवी त्या घरातून कुकरच्या शिट्टीखेरीज आवाज नसे. मुलाचा फोन यायचा, पण आवाजाची नक्कल करून लोकांना लुबाडतात हे मामांनी कुठेतरी वाचलं आणि मुलाची परीक्षा सुरू झाली. "आपल्या गावाकडच्या पांढऱ्या बैलाचं नाव सांग." मुलाला आठवेना. मामांनी फोन ठेवून दिला. त्याने पुन्हा लावला, "बाबा, मीच बोलतोय हो!" "समदे आसंच म्हणतात," म्हणून मामांनी पुन्हा ठेवला. त्यानंतर मुलाचे फोन विरळ झाले. मी एकदा भीत भीत विचारलं, "मामा, आवाज ओळखला होता ना तुम्ही?"

"वळखला व्हता की. पर त्याला बैल आठवायला पाह्यजे व्हता."

मला हसू आलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

मयतीच्या बातमीबाबत मामांचा नियम सगळ्यांत कडक. पूर्वी मयतीचा सांगावा घेऊन माणूस यायचा. जोडे न काढता दारातच उभा राहायचा, गेलेल्याचं नाव सांगायचा आणि पुढच्या गावाला निघायचा. "येवढं चालून खोटं सांगायला कोण येतं?" असं मामांचं म्हणणं, म्हणून सांगावा दारात आल्याशिवाय ते कुणाला गेलेलं मानत नाहीत. हा नियम पडला तो कंपनीतल्या जुन्या लोकांच्या मोबाइल ग्रुपमुळे. तिथे एका सहकाऱ्याचा फोटो 'भावपूर्ण श्रद्धांजली' म्हणून आला. मामा आणि दोस्त हार घेऊन गेले, तर फाटक उघडायला खुद्द स्वर्गवासीच आले. गेले होते दुसऱ्याच कुणाचे वडील, फोटो यांचा लागला होता. हाराचा खर्च वाया कशाला, म्हणून दोस्ताने तो त्यांच्याच गळ्यात घातला आणि तिघांनी चहा घेतला.

यंदा दिवाळीनंतर एका सकाळी त्याच ग्रुपवर तीर्थपुरीच्या दोस्ताचा फोटो आला. अंत्यविधी दुपारी एक वाजता. मामांनीच मला त्या ग्रुपात घातलं होतं. खोटं कशाला सांगू, मी आधी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि मग समोर धावलो. मामा दारात खुर्ची टाकून बसले होते.

"बघितला फोटो," ते म्हणाले. "मागच्या बारीला बी फोटोच आल्ता."

"फोन लावला का त्यांना?"

"बंद येऊन राह्यला. त्याचा आसतो कवाकवा बंद."

"चला, मी गाडी काढतो. एकच्या आत पोचू."

"सांगावा येऊ द्या. मंग जाऊ."

लिंबाचा चीक चाखायला दोन एस्ट्या बदलणारा माणूस खुर्चीवरून हलेना. तेव्हा मला कळलं की या एका बातमीची उगवण त्यांना बघायचीच नव्हती. मी जास्त आग्रह केला नाही. करायला हवा होता, हे मला आजही छळतं. एक वाजला, दोन वाजले. तीन दिवस ते दारात बसून होते. गल्लीत कुणी अनोळखी वळला की अंग चोरून घ्यायचे आणि तो पुढे निघून गेला की त्यांचा चेहरा सैल पडायचा. सांगावा काही आला नाही. चौथ्या दिवशी मला ते बघवेना. मी गाडीला किक मारून तीर्थपुरीला गेलो. दोस्ताचा मुलगा ओट्यावर बसला होता. मला बघून म्हणाला, "काका काहून न्हाई आले? आम्ही तं बराबर ग्रुपवर टाकल्तं."

दुपारी परतलो आणि जोडे न काढता मामांच्या दारात उभा राहिलो. दोस्ताचं नाव घेतलं.

"सोता बघितलं का?" मामांनी विचारलं.

"घरी जाऊन आलो, मामा. फोटोला हार आहे."

"मंग खरं हाये," ते म्हणाले. "उन्हाचे आले तुम्ही. पानी आनतो." ते आत गेले. माठाचं झाकण वाजलं, पण पाणी काही आलं नाही. मी आत गेलो तर मामा रिकामा तांब्या हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभे होते.

आता मामा कुठे जात नाहीत. परवा बायकोने त्यांना मोबाइलवर दाखवलं, कुठल्याशा विहिरीचं पाणी प्यायलं की गुडघे दुखायचे थांबतात म्हणे. आम्ही दोघं त्यांच्या प्रश्नाची वाट बघत थांबलो.

"आसंल," मामा म्हणाले.

मला राहवलं नाही. "मामा, उद्या सकाळच्या एस्टीने बघूनच या की."

"यीन की बघून," ते म्हणाले, "पर आल्यावर सांगू कुणाला?"

"मला सांगा ना."

त्यांनी मायेने माझ्या हातावर थोपटलं आणि ते मोबाइलवरची ती विहीर पुन्हा बघायला लागले.