गाय क्रमांक तीन

सांगलीच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्यापुरते प्राध्यापक, एरवी तुम्ही कुणीच नाही. प्राणी-वर्तनाच्या पहिल्या तासाला फळ्यावर एक वाक्य लिहावं लागतं : निरीक्षकाने हस्तक्षेप करू नये. पोरं मुकाट्याने उतरवून घेतात. ते लिहिताना दरवर्षी माझं डोकं फिरतं, पण अभ्यासक्रमात आहे म्हणून लिहिते.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी आम्हाला एखाद्या प्राण्याच्या वागण्यावर प्रकल्प करायचा होता. बाकीच्यांनी पक्षी घेतले, कुणी वाईच्या घाटावरची माकडं घेतली. माझ्याकडे ना गाडी ना कॅमेरा, मी घरच्या गाई घेतल्या. फलटणच्या बाजूला आमचं गाव, दावणीला तीन गाई. बांधलेली गाय दिवसभरात किती रवंथ करते, किती वेळ बसते, हे एकवीस दिवस, सकाळी सात ते संध्याकाळी सहा, दर दहा मिनिटांनी टिपायचं. मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "नावं लिहायची नाहीत, नंबर द्यायचे. आणि तू गोठ्यात नाहीसच, असं समजायचं." आईच्या लाडक्या तांबडीला तीन नंबर मिळाला.

मी नेमकं काय शिकते हे आईला कळलं नव्हतं आणि मी कळू दिलं नव्हतं. जनावरांचं शिकते म्हणजे जनावरांच्या डॉक्टरच्या खालोखाल, अशी तिची समजूत. गावभर ती तेच सांगायची आणि मलाही ते गोड लागायचं. इतकी वर्षं ती उठल्याबरोबर प्रत्येक गाईच्या नाकाडावरून हात फिरवायची. ओलं लागलं तर जनावर बरं, कोरडं लागलं तर काहीतरी बिनसलंय. मी वही घेऊन स्टुलावर बसले त्या दिवसापासून तिने ते सोडलं. "आता शिकल्यालं मानूस बसलंय की हितं. माज्या अडान्याच्या हाताचं काय काम?" असं म्हणाली, आणि शेण-धारा उरकून शेतावर जायला लागली. तांबडी गाभण होती, आटवलेली, त्यामुळे दुधावरून काही कळायची सोय नव्हती. गव्हाणीत उरलेली वैरणही मीच वजन करून बाहेर टाकायचे.

पंधरा दिवस काही म्हणता काही घडलं नाही. तिन्ही गाई सारख्याच खायच्या, सारख्याच बसायच्या. असल्या प्रकल्पाला कोण विचारणार, म्हणून मी वैतागले होते. सोळाव्या दिवशी तांबडीचं रवंथ कमी झालं, सतराव्या दिवशी निम्म्यावर आलं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. सरांना फोन लावला. ते म्हणाले, "उत्तम! आता काही बदलू नकोस. औषधपाणी केलंस तर ती गाय नमुन्यातून बाद." मी बरं म्हणाले.

अठराव्या दिवशी आई गव्हाणीपाशी थबकली. "तांबडी पाट वाकवून हुबी ऱ्हातीया का गं?"

मी वहीतून मान वर काढली नाही. "उन्हानं होतं तसं, आई. आणि मधे उभी राहू नकोस, माझी नोंद चुकते."

ती लगेच बाजूला झाली. तिने माझं ऐकलं, याचाच मला आजही राग येतो. तिच्या पोटची पोर मी, तिने चांगलं दटावायला हवं होतं मला.

विसाव्या दिवशी दुपारी तांबडी बसली ती पुन्हा उठली नाही. वडील तालुक्याहून डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी तिच्या छातीमागे मूठ दाबली, तशी ती कण्हली. कुट्टीबरोबर तारेचा तुकडा पोटात गेला होता आणि तो काळजापर्यंत पोचला होता. सुरुवातीला कळवलं असतं तर काहीतरी करता आलं असतं, असं ते म्हणाले. मग विचारलं, "रवंथ कवापासनं बंद हाय?"

सगळ्यांनी आईकडे बघितलं आणि आईने माझ्याकडे. मी सवयीने वही उघडली आणि वाचून दाखवलं, "सोळाव्या दिवशी सकाळी दहा चाळीसपासून कमी. एकोणिसाव्या दिवशी दुपारी दोन वीसपासून पूर्ण बंद."

डॉक्टर बघतच राहिले. "एवडं लिवलंया, मग मला बोलवलं का न्हाई?"

आई मधे पडली. "आवं सायेब, तिला निस्तं बघायचंच काम दिल्यालं हुतं. माजीच नजर चुकली."

मी वही मिटली.

दिवस मावळायच्या आत तांबडी गेली, पोटातल्या वासरासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी पुन्हा स्टुलावर बसले आणि एकविसावा दिवस दोन गाईंवर पुरा केला. माणूस इतकं निर्लज्ज होऊ शकतं, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. पुढे सरांनी तांबडीच्या रवंथाचा आलेख सांगलीच्या परिसंवादात मांडायला लावला. सोळाव्या दिवसापासून घसरत गेलेल्या रेघेवर प्रश्न आले, कौतुक झालं, पहिलं बक्षीस मिळालं. त्या गाईचं पुढे काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. सर तर म्हणाले, तुझं नशीब चांगलं.

बक्षिसाचं प्रमाणपत्र आईने लॅमिनेट करून पुढच्या खोलीत लावलंय. आल्यागेल्याला ती ते दाखवते. कुणी तांबडीचं नाव काढलंच तर तिथंच उभी राहून सांगते, "माजी नजर चुकली, दुसरं काय." मी बहुतेक वेळा तिथंच असते. अठराव्या दिवशी तिने मला विचारलं होतं, हे ती विसरलीय की माझ्यासाठी पोटात ठेवतेय, ते मला माहीत नाही. तिला विचारायची माझी अजून छाती झालेली नाही.