भिंतीकडे तोंड केलेली चित्रं

मध्य भारत हे वेगळं राज्य होतं त्या काळात मी इंदूरला सरकारी कचेरीत कारकून होतो. शिल्लक पगारातून मी एका गिरणीचा शेअर घेतला. त्या कागदावर धुराड्याचं इतकं देखणं चित्र होतं, की मी तो खजुरी बाजारातल्या एका म्हाताऱ्या फ्रेमवाल्याकडे मढवायला नेला.

म्हातारा चौकटीची पट्टी कापण्याआधी तिच्यावरून हळूच अंगठा फिरवायचा. माझ्या कागदाला मात्र त्यानं बोटही लावलं नाही.

"भिया, हा विकायला घेतलाय का बघायला?"

"भाव चढला की विकीन."

"मग पेटीत ठेवा. एक बार भिंतीवर लागलं, की माणसाच्यानं उतरवत नाही. भाव चढो नाही तर पडो."

मला रागच आला. पण त्याच्यामागे दहाबारा चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी होती. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांकडून तो ती स्वस्तात घ्यायचा आणि महूच्या छावणीतल्या फौजी साहेबांना विकायचा.

"सीधी ठेवली तर मलाच आवडायला लागतील," तो म्हणाला. "मग धंदा काय करू?"

दोन वर्षांनी पेटीत ठेवलेला शेअर बऱ्या भावात विकला. पुढे किंमत येईल म्हणून त्याच्याकडचं एक चित्र घेतलं. उन्हात वाळत घातलेल्या लाल मिरच्या आणि शेजारी पेंगणारी बाई.

"चौकट नको ना?" त्यानं विचारलं.

मी त्या बाईकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असावं.

"घाला," मी म्हणालो.

"गेले तुमचे पैसे," तो म्हणाला, आणि पट्टी उचलून तिच्यावरून अंगठा फिरवू लागला.