घाटातली झोप

आमच्या एसटी वर्कशॉपच्या मॅडम माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. मला चाचा म्हणतात अन् त्याच दमात कामाला लावतात. "चाचा, ब्रेक चांगला बसलाय. आता परत खोला, मला बघू द्या." माझी दाढी ह्याच ग्रीसात पांढरी झाली; आधी लई डोकं फिरायचं. पण बाई स्वतः हात काळे करून नट चाचपतात, मगच गाडी सोडतात.

परवा सामान आणायला आम्ही सोलापूरच्या गाडीत बसलो. तुळजापूरचा घाट यायच्या आधी त्यांनी विचारलं, "मी रजेवर होते तेव्हा वर्कशॉपातून सुटलेली ना ही गाडी? ब्रेक कुणी केले?"

"म्या."

त्यांनी खिडकीला डोकं टेकवलं अन् झोपल्या. अख्खा घाट उतरून झाला, तरी डोळा उघडला न्हाय. मी मात्र गाडी बापाची असल्यासारखा छाती काढून बसलो होतो.